नावाड्याने तोंड उघडलं आणि वेळ संपली

थांबा, हे आत्ताच सांगते. चहा नंतर, मॉक टेस्ट नंतर, सगळं नंतर. कारण इथे भोपाळला करोंदच्या पुढे एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आहे आणि तिथल्या एका स्क्रीनवर एक नावाडी गेल्या हिवाळ्यापासून तोंड उघडून उभा आहे. त्याच्या तोंडातून काय निघणार होतं ते मला माहीत नाही. वर्ष होत आलं, माहीत नाही. आणि आज दुपारी आमच्या घरात असं काही झालं की आता हे माहीत नसणं मला सहनच होत नाहीये.

वेडी वाटली ना मी? वाटू द्या. नीट सांगायचा प्रयत्न करते. माझी बोटं आधी पळतात, मी त्यांच्या मागून.

तर परत तोच मोसम आलाय. कोलार रोडवर सकाळी धूळ कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. अमरूदचे, मतलब पेरूचे, ठेले आलेत, कापलेल्या फोडींवर तिखट-मीठ. स्वेटरला अजून कपाटाचा वास. कोचिंगच्या जिन्यात चपलांचा ढीग, आणि वरच्या वर्गातून तीच हवा, मार्करची, ओल्या केसांची, कोणाच्या तरी डब्यातल्या मेथीच्या पराठ्याची. लोकांसाठी हा लग्नांचा मोसम असेल. माझ्या वयाच्या अर्ध्या शहरासाठी हा एमबीएच्या एन्ट्रन्सचा मोसम आहे. आणि माझ्यासाठी तर फक्त आरसीचा, मतलब रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा. इंग्रजी उतारा येतो, कशावरही येतो. मधमाश्या, कर्जं, कुठल्या तरी राणीचे केस. खाली प्रश्न. कोपऱ्यात घड्याळ, उलटं चालणारं. ते घड्याळ शून्यावर आलं की सेक्शन आपोआप बंद. तुम्ही शब्दाच्या मध्ये असा, अक्षराच्या मध्ये असा, बंद. मागे जाता येत नाही. पेपर घरी मिळत नाही, साइटवर पण नंतर टाकत नाहीत. जे वाचलं ते वाचलं.

आमचे कोचिंगवाले सर या बाबतीत एकदम कसाई. पहिल्याच दिवशी टेबलावर मार्कर आपटून म्हणाले, "सुनो बच्चों, पैसेज मेहमान है. पानी पिलाओ, काम की बात पूछो, विदा करो. घर में बसाना नहीं है." मग एकेक गोष्ट शिकवली. आधी सगळे पॅसेज वरवर बघून घ्यायचे, सोपा कुठला ते हेरायचं, कठीण सरळ शेवटी ढकलायचा. पॅसेजच्या आधी प्रश्न वाचायचे, म्हणजे डोळ्यांना माहीत असतं कशाला शोधायचंय. प्रत्येक पॅराची पहिली ओळ आणि शेवटची ओळ, मधलं डोळे उडवत. एका पॅसेजला आठ मिनिटं, नववं मिनिट दुसऱ्या पॅसेजचं चोरलेलं. अडकलं की मार्क करून पुढे. मागे वळून बघायचं नाही.

मी हसतेय असं समजू नका. हे सगळं खरंच चालतं. मी स्वतः मॉकमध्ये तळातून वर आली ती यानेच. इतकी सवय झाली की थांबवता येईना. आई व्हॉट्सअॅपवर लांबलचक काहीतरी पाठवायची, मी पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचून "हो" लिहायची. औषधाच्या बाटलीवरचं, दुकानाच्या पाट्यांवरचं, लोकांच्या चेहऱ्यावरचं, सगळं तसंच. आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबांचा मेंदूचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा पण मी सरळ शेवटच्या पॅरावर गेली, कारण निष्कर्ष शेवटी असतो. आई विचारत होती, "काय लिहिलंय गं, काय लिहिलंय?" आणि माझं वाचून झालेलं होतं. तिने अजून चष्मा पण काढला नव्हता पर्समधून.

बाबांना स्ट्रोक आला होता. हात-पाय वाचले. शब्द गेले.

आता बाबा म्हणजे काय चीज होते ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. आमचे आजोबा नोकरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. बाबा इथेच जन्मले, इथेच सरकारी ऑफिसात लागले, पण बोलणं अस्सल नागपुरी. आणि वाक्य? वाक्य कधी संपायचंच नाही. "आता असं झालं बाप्पा, का तो शर्मा, शर्मा म्हणजे तो नाही, दुसरा, ज्याची मेहुणी मिसरोदला राह्यते, ते जाऊ दे, तर त्या शर्माचा स्कूटर..." स्कूटरपर्यंत पोचेस्तोवर आमचं जेवण व्हायचं. आई इंदूरची, फटकन बोलणारी. ती म्हणायची, "अहो, कामाचं बोला ना, पोळी थंड होऊन राहिली." बाबा म्हणायचे, "तू खाय ना पोळी, तुले कोनं धरलं?" आणि परत शर्मा.

त्या माणसाकडे आता मोजून काही शब्द उरले. "हो." "बस." आणि गंमत बघा, आरती अख्खी येते. गणपतीत सगळी आरती म्हटली त्यांनी, खणखणीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आम्हाला वाटलं आलं परत सगळं! आरती संपली. बाबांना प्रसादाची वाटी पाहिजे होती. त्यांनी वाटीकडे बोट केलं, ओठ हलवले, गळ्याची शीर फुगली, आणि काही नाही. मला नाव घेऊन हाक मारता येत नाही त्यांना. मी समोर असली की माझ्याकडे बघतात आणि तोंड उघडतात, आणि मला दिसतं की माझं नाव तिथे आत आहे, दाराशी आहे, बाहेर येत नाही.

स्पीच थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "त्यांना जागा द्या. तुम्ही सगळे पटकन शब्द भरून टाकता. थांबा थोडं." सांगायला सोपं आहे. आईला त्यांचं ते उघडं तोंड बघवत नाही. दूधवाला आला की तीच, "ते म्हणताहेत उद्या एक पाकीट जास्त." डॉक्टर विचारतात बाबांना, उत्तर आई देते. तिचं चुकतं पण नाही कधी! तीस-पस्तीस वर्षांचा संसार, तिला त्यांचे सगळे शब्द पाठ. ती बोलते, बाबा मान हलवतात, काम होऊन जातं.

त्याच मॅडमनी सांगितलं की जो शब्द येतो त्याला काम द्या. म्हणून बाबा माझे टाइमकीपर झाले. बाल्कनीत ऊन यायचं, ते खुर्चीत, शाल, हातात मनगटी घड्याळ काढून घेतलेलं. मी खाली चटईवर लॅपटॉप घेऊन. आठ मिनिटं झाली की बाबा म्हणायचे, "बस!" काय जोर त्या शब्दात. मी म्हटलं, "बाबा, एक ओळ फक्त," तर घड्याळ माझ्या नाकासमोर, "बस! बस!" ज्या माणसाला आयुष्यात कोणी थांबवू शकलं नाही तो आता दुसऱ्याला थांबवण्यात इतका खूश. आई आतून ओरडायची, "घ्या, आता बापाचा पण सर झाला." आम्ही तिघं खूप हसलो त्या दिवसांत. खरं सांगते, खूप हसलो.

आणि मग पेपर. सेंटर करोंदच्या पुढे. ऑटो मंडीजवळ अडकला, सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग, ट्रॅक्टरवर कोणी शेकत बसलेलं, हवेत तो सोयाबीनचा कोरडा, नाकात बसणारा वास. माझी कोचिंगची मैत्रीण झेबा बरोबर होती, आमची एकच शिफ्ट. ती ऑटोवाल्याला भोपाळी ढंगात म्हणाली, "को खां, आज ही पहुँचा दोगे ना?" आणि मला म्हणाली, "सुन, तू पैसेज में घर मत बसा लेना. तेरी आदत है." मी म्हटलं, "पागल है क्या, मेरी टाइमिंग देखी है?"

लॅबमध्ये पंखे बंद, सगळीकडे माउसचा टकटक आवाज. मी सगळं बरोबर केलं. सोपे पॅसेज हेरले, उडवले. सगळ्यात लांब होता तो शेवटी ठेवला. शेवटी त्याच्यावर आली, हातात पुरता वेळ होता, आधी प्रश्न वाचायला पाहिजे होते. पण नजर पहिल्या ओळीवर पडली.

त्या ओळीत लिहिलं होतं की एका थंड देशात, एका नदीवर, एक नावाडी होता आणि एका आजारपणात त्याचे शब्द गेले.

बस. प्रश्न राहिले बाजूला. मी मधलं उडवलं नाही. एकेक शब्द वाचला, एकेक ओळ परत परत वाचली, जशी लहानपणी बोट ठेवून वाचायची तशी. तो नाव चालवत राहिला, हात शाबूत होते. त्याची बायको नावेच्या पुढच्या टोकाला बसायची आणि त्याच्या बदली बोलायची. कुठे जायचं, किती घ्यायचे, आज पाणी कसं आहे. ती कधी चुकायची नाही. लोक म्हणायचे, त्याला आजार झाला होता हे पण आम्ही विसरलो. मग एक दिवस बायकोला बहिणीकडे जावं लागलं. तो एकटा नाव घेऊन गेला. धुकं होतं. पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारली, कोण आहे म्हणून. त्याने वल्हं थांबवलं. त्याने तोंड उघडलं, आणि

स्क्रीन पांढरी. सेक्शन संपला. पुढचा सेक्शन, गणितं.

त्या पॅसेजचा एक पण प्रश्न मी सोडवला नव्हता. घड्याळ कधी संपलं मला माहीतच नाही, कारण कोणी "बस" म्हणायला नव्हतं. इंग्लिशचा कटऑफ हुकला, अगदी थोडक्यात हुकला. ते सगळ्यांना माहीत आहे, सरांना पण. ते म्हणाले, "बेटा, तुम डूब गई." मी म्हटलं, "हो सर, नाव थी." ते हसले. मी नाही हसली.

झेबाला बाहेर आल्या आल्या विचारलं होतं. कॉलेजच्या गेटवर, ती समोसा खात होती. "वो नाव वाला पैसेज, आखिर में क्या हुआ?"

"नाव? कौन सी नाव?"

"अरे, नाववाला आदमी! बोल नहीं पाता था!"

"ऐसा कुछ था क्या?" ती खरंच आठवत होती, चटणी लागलेलं बोट हवेत. "वो लैंग्वेज-वैंग्वेज वाला? उसमें ऑथर का टोन पूछा था. मैंने क्रिटिकल टिक किया."

तिचे त्या पॅसेजचे सगळे प्रश्न बरोबर आले असणार, कारण ती निघाली, मतलब कटऑफ पार झाली. आज इंदूरला एमबीए करतेय. ती त्या नदीवरून गेली आणि तिला नदी दिसली नाही. मी तिला दोष देत नाहीये, असंच तर जायचं असतं! पण मला कधी कधी भीती वाटते. म्हणजे कशी? की आम्ही दोघी एकाच खोलीत, एकच गोष्ट समोर, आणि एकीच्या डोक्यात काहीच नाही राहिलं आणि दुसरीच्या डोक्यातून ते जातच नाही. यातलं जास्त भयंकर काय?

मी नंतर तिला इतका त्रास दिला फोन करून करून, की तिला एक गोष्ट आठवली. एक प्रश्न बायकोवर होता. बायकोबद्दल काय म्हणता येईल असा काहीतरी. "एक ऑप्शन था कि वो जान-बूझके गई थी. और एक था कि वो वापस आई ही नहीं. यार, सही कौन सा था, अल्लाह कसम याद नहीं. गलत ऑप्शन भी तो सही जैसे ही लिखते हैं ना."

विचार करा. चार पर्याय. एका माणसाची चार नशिबं, त्यातलं एकच खरं, आणि जिने बरोबर निवडलं तिला ते आठवत नाही.

मी नेटवर खूप शोधलं. नावाडी, शब्द, नदी, आजार, सगळं उलटं-सुलटं टाकून. नाही मिळालं. झेबा म्हणते की पुढच्या पॅरात नक्की मेंदूचं सायन्स आलं असेल, किश्शाने सुरू करतात आणि मग लेक्चर देतात, नावाड्याचं नाव पण परत घेतलं नसेल. तसं असेल तर अजून वाईट. मतलब लिहिणाऱ्यानेच त्याला तिथे धुक्यात सोडून दिलं.

हिवाळाभर तो माझ्याबरोबर होता. तलावावर सकाळी रिकाम्या नावा एकमेकींना घासून कुरकुरतात ना, तो आवाज ऐकला की मी मान वळवायची. बाबांनी काही मागायला तोंड उघडलं की मला त्यांच्या मागे पाणी दिसायचं. आई बोलून टाकायची आणि पाणी जायचं. मला हे घरात कोणाला सांगता येईना. आईला सांगितलं तर तिला वाटेल मी तिलाच बोलतेय. बाबांना सांगावं तर कशाला, त्यांच्याच जखमेवर बोट.

या वर्षी परत फॉर्म भरला. परत चटई, परत बाल्कनी, परत बाबांच्या हातात घड्याळ. रविवारी पेपर आहे.

आज दुपारी पॅसेज चालू होता, कुठल्या तरी पुलाबद्दल. बाबा म्हणाले, "बस." मी लॅपटॉप मिटला. मिटला आणि माहीत नाही का, मी त्यांना सांगायला लागली. "बाबा, गेल्या वर्षी एक पॅसेज आला होता, तो अर्धाच राहिला माझा." मराठीत सांगत गेली, अडखळत, काही इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणतात तेच आठवेना. नावाड्याचे शब्द गेले असं म्हटलं तेव्हा बाबांनी घड्याळ खाली ठेवलं. नावेच्या टोकाला बसणारी बायको आली तेव्हा आत स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. मला वाटलं आता थांबावं. पण थांबता येईना, मी त्याच वेगात होती. बायको बहिणीकडे गेली. धुकं. हाक आली. "आणि बाबा, त्याने तोंड उघडलं, आणि..."

माझ्याकडे पुढे काही नव्हतंच.

आई दारात आली होती, हाताला पीठ. बाबांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. ती शीर फुगली. आईचे ओठ हलले, मला दिसलं, शब्द तिच्या ओठांवर तयार होता, ती देऊन टाकणार होती. आणि तिने नाही दिला. पदर तोंडाशी धरला आणि उभी राहिली. रस्त्यावर कोणाची तरी बाइक सुरू होत नव्हती, किक, किक, परत किक. किती वेळ गेला मला विचारू नका, मी मोजत नव्हती.

"मग?" बाबा म्हणाले.

मग! स्ट्रोकनंतर हा शब्द आम्ही ऐकलेलाच नव्हता. ना "हो", ना "बस", ना आरतीतला. आपला, नवा, विचारणारा शब्द. आई तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली, रडत होती की हसत होती देव जाणे. म्हणाली, "विचारताहेत गं, ऐकलंस का, ते विचारताहेत!"

आणि मी काय करावं? म्हटलं, "बाबा, पुढचं माहीत नाही. वेळ संपली माझी."

त्यांना ते चाललं नाही. भुवया चढल्या. "मग?" खुर्चीच्या हातावर थाप. "मग? मग?" त्यांना वाटतंय मला माहीत आहे आणि मी सांगत नाही. मी म्हटलं, "खरंच नाही माहीत." आई डोळे पुसून मला खुणा करायला लागली, सांग काहीतरी, बनवून सांग, तो बोलला म्हण, सगळं ठीक झालं म्हण. सांगू शकली असती ना मी? एक ओळ तर होती. पण ज्या माणसाने तो एक शब्द कुठून कुठून ओढून आणला त्याला मी खोटा शेवट कसा देऊ? आणि खरं सांगू का, अजून एक भीती आहे. शेवट सांगितला आणि त्यांनी परत विचारलंच नाही तर?

तेव्हापासून तो शब्द घरात फिरतोय. दूधवाला आला, बाबा त्याला म्हणाले, "मग?" तो बिचारा म्हणाला, "बस बाबूजी, बढ़िया." टीव्हीवर बातम्या संपल्या, "मग?" आईने दिवा लावला, हात जोडले, मागून, "मग?" आई आता दचकत नाही, ती म्हणते, "मग काय, मग भाजी टाकते." आणि त्यांच्याकडे बघत थांबते. थांबते! आमची आई!

मी मात्र दर वेळेला दचकते. कारण मला माहीत आहे ते काय विचारताहेत. रविवारी मी परत त्या रस्त्याने जाणार, मंडी, ट्रॉल्या, तो वास. प्रश्न आधी वाचीन, मधलं उडवीन, सगळं बरोबर करीन, या वेळी निघायचंच आहे मला. आणि कोपऱ्यातलं ते घड्याळ उलटं चालत असेल आणि कानात एकच आवाज असेल, मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून विचारतेय, हात जोडून विचारतेय. गेल्या हिवाळ्यात तुमच्यापैकी कोणी त्या शिफ्टमध्ये होतं का? तुम्ही तो पॅसेज शेवटपर्यंत वाचला का? नसेल वाचला तर हे तरी सांगा, तुमचं पण झालंय का असं, की अर्ध्यात सुटलेलं एखादं वाक्य तुम्हाला सोडतच नाही, आणि घरात कोणीतरी समोर बसून तुमच्याकडेच त्याचा शेवट मागतंय?